भिंतीपलीकडून ऐकू येतंय : जुनी इमारत, नवी विंग आणि मधला आवाज

गेल्या वेळी विद्यार्थी निवासातल्या खोल्यांवर दोन परिच्छेद लिहिले, त्यात एक वाक्य होतं की जुन्या इमारतीला नवी विंग जोडली की दोन्हीकडचे आवाज वेगवेगळे त्रास देतात. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. घर बदलता येतं, पण हॉस्टेलची खोली सहसा बदलता येत नाही, आणि झोप आणि अभ्यास दोन्ही तिथेच करायचे असतात, त्यामुळे हा विषय मला खरंच जिव्हाळ्याचा आहे. म्हणून यावेळची सगळी जागा याच पत्रांना.

प्रश्न : ताई, आमचं निवास दोन इमारतींचं मिळून झालंय. एक जुनी, जाड दगडी भिंती, उंच छत, लाकडी मजला. तिला चिकटून नवी चार मजली विंग. जुन्या बाजूची मुलं म्हणतात वरच्यांची पावलं डोक्यात वाजतात आणि तळमजल्यावरच्या कॉमन हॉलमध्ये समोरचा काय बोलतोय तेच कळत नाही. नव्या बाजूची म्हणतात शेजारच्याचं फोनवरचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. एकांनी सगळ्या खोल्यांना फोमचे पॅनल लावून टाका असं सुचवलंय. लावू का? (निवासाची व्यवस्था बघणारे एक वाचक)

उत्तर : आधी ती ऑर्डर थांबवा. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात आणि तिन्हींचं कारण वेगळं आहे, आणि फोम त्यातल्या फक्त एकीवर थोडाफार चालेल, तोही चुकीच्या प्रकारचा असेल तर धोकादायक (त्याबद्दल पुढे एका पत्रात लिहिलंय).

आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे पैसे वाचतात. मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी करते, पलीकडे जाणारा नाही. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. म्हणजे फोम लावलेल्या खोलीत तुम्हाला स्वतःला बरं वाटेल, पण शेजारच्याचा फोन आधी ऐकू यायचा तसाच येत राहील, उलट खोली शांत झाल्यामुळे जास्तच स्पष्ट येईल. आणि पावलांचा आवाज तिसराच, तो हवेतून येतच नाही, टाच मजल्यावर आपटते आणि मजलाच ढोलासारखा हलतो.

आता हॉल घेऊ, कारण तिथे सगळ्यात लवकर फरक पडेल. आवाज किती वेळ घुमतो हे मोजायची रीत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शोधली. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं काही कळेना, शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत पुढचं वाक्य त्यावर चढलेलं. सॅबिन रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून तिथे आणायचे, मांडायचे, मोजायचे, आणि उजाडायच्या आत परत नेऊन ठेवायचे. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतो : घुमण्याचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण.

तुमच्या हॉलची मापं तुम्ही दिली नाहीत, तर उदाहरण म्हणून १० मीटर बाय ७ मीटर, उंची साडेचार धरते. घनफळ ३१५ घनमीटर. गिलावा, फरशी, काच असं सगळं कडक, त्यात थोडं फर्निचर, तर शोषण जेमतेम १५ एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा एक चौरस मीटर पृष्ठभाग). हिशोब केला तर घुमण्याचा वेळ ३.४ सेकंद येतो. हा हॉल बोलण्यासाठी निकामी आहे हो, त्यात मुलांचा काही दोष नाही. तो १ सेकंदावर आणायचा तर शोषण ५० च्या पुढे न्यावं लागेल, म्हणजे चांगल्या प्रतीच्या पॅनलचे साधारण ४० ते ४२ चौरस मीटर, आणि ते छताला लावायचे, कारण छत रिकामं असतं आणि तिथे कुणाचा हात लागत नाही. छत जुनं, लाकडी, बघण्यासारखं असेल तर झाकू नका, तुळयांच्या मधल्या पट्ट्यांत पॅनल बसवा किंवा उभे टांगा, दोन्ही बाजू उघड्या राहिल्या की कमी पॅनलमध्ये जास्त शोषण मिळतं.

यातून गोंगाट मोजणीत साधारण ५ डेसिबलनेच उतरेल, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त उतरतो, कारण घुमणाऱ्या खोलीत माणूस नकळत आवाज चढवतो, मग शेजारचं टेबल चढवतं, मग पहिलं अजून. फ्रान्समधले डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये हे लिहून ठेवलंय आणि अजूनही त्यांच्याच नावाने ओळखतात. घुमणं कमी झालं की ही चढाओढच थांबते. मी असे हॉल पॅनल लावायच्या आधी आणि नंतर बघितलेत, आणि नंतर बसलेल्या मुलांचे खांदे सुद्धा सैल दिसतात, खरंच.

आता नव्या विंगमधला फोन. इथे एक रात्र जागा. एकाला एका खोलीत बसवा, पुस्तक हातात द्या, नेहमीच्या आवाजात सलग वाचायला सांगा. तुम्ही शेजारच्या खोलीत दिवा बंद करून भिंतीच्या कडेकडेने कान फिरवा : भिंतीच्या मध्यावर, खालच्या कोपऱ्यात, स्विचबोर्डवर, छताच्या रेषेला, मग दाराशी. आवाज कुठे अचानक स्पष्ट होतो ते बघा, तिथे खडूने खूण करा. नंतर पलीकडच्याला टॉर्च लावायला सांगा आणि अंधारात फटी शोधा, जिथून उजेड येतो तिथून आवाज येतोच. बहुतेक वेळा भिंतीचा मधला भाग निर्दोष निघतो आणि गुन्हेगार तीन ठिकाणी सापडतात.

पहिलं, भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच आहे, स्लॅबपर्यंत गेलेलीच नाही, आणि सीलिंगच्या वर सगळ्या खोल्यांची एकच सलग पोकळी. आवाज वर जातो, पलीकडे उतरतो. सीलिंगची एक टाइल उचलून टॉर्च मारा, लगेच कळेल. दुसरं, दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच जागी, म्हणजे भिंतीला आरपार भोकच. तिसरं, दार.

दाराचा हिशोब सांगते कारण तो कुणाला पटकन पटत नाही. दार ०.९ मीटर रुंद, २.१ मीटर उंच. खाली १० मिलिमीटरची फट. क्षेत्रफळात ती फट अर्धा टक्काही नाही. पण तेवढ्या फटीमुळे ते दार, कितीही भारी सागवानी असलं तरी, २३ डेसिबलच्या आसपासच आवाज अडवतं, त्याच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे भिंत ४५ डेसिबल अडवणारी आणि दार २३, मग पॅसेजमध्ये बोललेलं आत येणारच. खोल्यांना भारी, भरीव दारं, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी आणि खाली दार लावल्यावर आपोआप टेकणारं सील, एवढं केलं की पैसा सगळ्यात जास्त वसूल होतो. एक काळजी मात्र घ्या, खोलीतली हवा त्याच फटीतून बाहेर जात असेल तर ती बंद केल्यावर मुलं कोंदट खोलीत झोपतील, तेव्हा हवेसाठी आतून अस्तर लावलेला वळणाचा डक्ट द्यायला लागेल. वळण अशासाठी की हवा वळते, आवाजाचा मोठा भाग अस्तरात जिरतो.

जुन्या मजल्याची पावलं हे सगळ्यात खर्चिक काम, आणि सगळ्यात घाईघाईत बिघडवलं जाणारं. लाकडी तुळयांवर फळ्या, म्हणजे आपला कडीपाट, हलका असतो, आणि हलक्या मजल्यावर टाचेचा खालच्या पट्टीतला धप्प आवाज फार जातो. काही लोक वरून सरळ काँक्रीट ओततात. ते वजन त्या तुळयांना पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने तपासल्याशिवाय एक पाटीसुद्धा टाकू देऊ नका. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ओलीने कुजलेली असू शकतात आणि ती वरून दिसत नाहीत. जुने कारागीर मजल्याच्या पोटात माती, वाळू, राख भरायचे, बऱ्याच जुन्या इमारतींत ती अजून असते आणि दुरुस्तीच्या वेळी कचरा म्हणून काढून टाकतात! ती आवाजासाठीच उपयोगी असते, शक्य असेल तर राहू द्या. बाकी उपाय दोन बाजूंनी : वर फळ्यांखाली लवचीक थर, आणि खालच्या खोलीत रबरी हँगरवर टांगलेलं दोन थरांचं बोर्डचं छत, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली, न पेटणारी लोकर). आणि हे सगळं ठरेपर्यंत वरच्या खोल्यांत जाड सतरंजी आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, ते उद्याच करा.

प्रश्न : अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले तर आवाज थांबतो का? रूममेट म्हणतो स्टुडिओत असंच असतं.

उत्तर : नाही थांबत. ट्रे हलका आहे, अडवायला त्यात वजन नाही, आणि शोषायला जाडी नाही. वरच्या पट्टीतला किंचित आवाज मऊ होतो, बस. पण मुख्य भीती आगीची आहे. कागदी लगदा वाळलेला असतो, भिंतभर पसरलेला, भुरकन पेटतो. साध्या उघड्या फोमचंही तेच. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइट क्लबमध्ये, आवाज अडवायला म्हणून भिंतींना फोम लावला होता, स्टेजवरच्या फटाक्यांची ठिणगी त्याला लागली आणि काही मिनिटांत सगळीकडे धूर आणि आग, १०० माणसं गेली. जिथे मुलं रात्री झोपलेली असतात तिथे भिंतीला काहीही लावताना पहिला प्रश्न हाच विचारा की हे पेटतं का, आणि उत्तर लेखी मागा. ट्रे लावले असतील तर आजच काढा, प्लीज.

प्रश्न : मी नव्या विंगमध्ये राहते, शेजारची रात्री दोनपर्यंत बोलते. ती वाईट नाहीये, हळूच बोलते, तरी ऐकू येतं. भिंतीला खिळाही मारायची परवानगी नाही. मी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातलं "ती वाईट नाहीये" हे वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक वेळा दोष माणसाचा नसतोच, भिंतीचा असतो. तिला एकदा तुझ्या खोलीत बोलाव आणि पलीकडे फोनवर काहीतरी लावून ठेव, तिला स्वतःलाच ऐकू दे. भांडणापेक्षा याने जास्त काम होतं.

मग खोलीची मांडणी. पलंगाचं डोकं त्या भिंतीपासून काढ, समोरच्या भिंतीकडे ने, कानापासूनचं अंतर वाढलं की झोपेत फरक पडतो. कपाट आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं शेल्फ त्या भिंतीशी उभं कर, पण भिंतीला टेकवू नकोस, बोटभर जागा सोड. भिंत यामुळे बदलणार नाही हे खरं सांगते, पण स्विचबोर्ड किंवा फट झाकली गेली तर चांगलाच उपयोग होतो. दाराखाली कापडी गुंडाळी लाव, कारण तिचा आवाज भिंतीतूनच येतो असं तू धरून चाललीयस, कदाचित तो तिच्या दाराखालून पॅसेजमध्ये आणि तिथून तुझ्याकडे येत असेल. ती गुंडाळी लावून एक रात्र बघ. कमी झाला तर व्यवस्थापनाकडे दाराची तक्रार कर, भिंतीची नको, दार दुरुस्त करायला ते लवकर तयार होतात.

आणि लहानसा पंखा चालू ठेवलास तर त्याच्या एकसारख्या आवाजात बोलण्याचे शब्द बुडतात. शब्द कळले नाहीत की मेंदू त्यांच्या मागे धावत नाही.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिस : जुनी गोदामाची इमारत अधिक नवी बांधणी, दोन्ही मिळून विद्यार्थी निवास. गाइड म्हणतात जुनं-नवं एकसारखं दिसायला हवं, मला तसं नको वाटतं. आणि जोडणीच्या ठिकाणी आवाजाचं काय करतात ते कुठे नीट मिळत नाही.

उत्तर : तुझ्या बाजूने आहे मी. जुनं जुनं दिसू दे, नवं नवं. पण त्याचं कारण फक्त दिसणं नाहीये, दोन्ही इमारती वागतातच वेगळ्या. जुनी शंभर वर्षं बसून झालेली असते, नवी पहिली काही वर्षं खचते, आकसते. म्हणून मध्ये सांधा मोकळा ठेवावाच लागतो, साधारण २५ ते ५० मिलिमीटर, स्ट्रक्चरवाले सांगतील तेवढा. हाच सांधा आवाजासाठी तुझा सगळ्यात चांगला मित्र. नव्या विंगमधली लिफ्ट, पंप, वॉशिंग मशीन यांची थरथर जुन्या भिंतीत फारशी जात नाही, जर तो सांधा खरंच मोकळा राहिला तर.

साइटवर तो मोकळा राहत नाही, हीच खरी अडचण. सांध्यात सिमेंटचा माल पडतो, शटरिंगचे तुकडे अडकतात, प्लंबर पाइप आरपार नेतो आणि भोवती मसाला भरून टाकतो. असा एक पूल जरी झाला तरी दोन्ही इमारती आवाजासाठी एक झाल्या. ड्रॉइंगमध्ये सांध्याचा वेगळा मोठा डिटेल काढ, त्यात रॉकवूल किंवा त्यासारखं न पेटणारं मऊ भरण दाखव, दोन्ही तोंडांना लवचीक सीलंट, वरची झाकणपट्टी फक्त एकाच बाजूला स्क्रू केलेली आणि दुसऱ्या बाजूवर नुसती सरकणारी, आणि पाइप-केबल जिथे ओलांडतात तिथे लवचीक जोड.

दोन्ही इमारतींना जोडणारा पॅसेज सगळे काचेचा करतात, मॉडेलमध्ये सुंदर दिसतो. बांधल्यावर तो घुमटासारखा घुमतो आणि रात्री एकाने हाक मारली की दोन्ही विंग जाग्या होतात. काच ठेव, पण छत पूर्ण शोषणारं कर आणि दोन्ही टोकांना दारं दे, म्हणजे पॅसेज मधली खोली होतो आणि आवाजाला दोनदा अडवतो. मजल्यांच्या पातळ्या जुळणार नाहीतच, जुन्याची उंची जास्त असते, तो फरक रॅम्पने सोडव, १:१२ पेक्षा तीव्र नको, आणि त्याला पायऱ्यांचा शॉर्टकट देऊन व्हीलचेअरवाल्याला लांबून पाठवू नकोस.

खोल्या कुठे आणि गोंगाट कुठे हे जागेवरच ठरतं, मटेरियलने नंतर सुधारत नाही. कोपनहेगनमधलं टिटगेन कॉलेजियम हे विद्यार्थी निवास बघ, २००६ चं, गोल इमारत, ३६० खोल्या : झोपायच्या खोल्या बाहेरच्या बाजूला, स्वयंपाकघरं आणि बैठकीच्या खोल्या आतल्या अंगणाकडे. किंवा अमेरिकेतल्या एमआयटीचं विद्यार्थी निवास बेकर हाऊस, वास्तुकार अल्वार आल्टो, १९४९ : नदीकाठच्या वाहत्या रस्त्यासमोर सरळ रेषेत खोल्या न लावता इमारतच नागमोडी केली, बहुतेक खोल्यांतून नदी तिरपी दिसते आणि रस्ता थेट तोंडावर येत नाही. आणि तुझ्या गोदामाच्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे ओस्लोतलं ग्रूनरलोका स्टुडेंटहूस, १९५३ चं धान्याचं कोठार, २००१ मध्ये विद्यार्थी निवास झालं, कोठाराच्या नळकांड्यांतच खोल्या. गोल भिंत आवाज परावर्तित करून एका जागी गोळा करते, त्यामुळे अशा खोलीत पलंग किंवा टेबल मध्यबिंदूच्या आसपास टाकू नये आणि भिंतीचा काही भाग पुस्तकं, पडदा, कपाट यांनी झाकून तिचा सलग गोलावा मोडायला हवा.

जुन्या बाजूच्या आतल्या कामाबद्दल दोन गोष्टी ठाम सांगते. जुन्या दगडी-विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट नको. ती भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तोंड बंद केलं की ओल आत अडकते, गिलावा फुगून सुटतो, तुळयांची टोकं कुजतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. आणि जुन्या खोलीत जे नवं घालशील ते सुटं असू दे : अभ्यासाचं टेबल, पलंग, दिवे, स्टोरेज हे एका स्वतंत्र लाकडी सांगाड्यात, भिंतीला न टोचता उभं राहणारं. पन्नास वर्षांनी कुणी ते काढलं तर भिंत जशीच्या तशी मिळायला हवी. वायरिंगसुद्धा भिंत फोडून नको, बाहेरून पाइपातून सरळ रेषेत नीट नेली तर छान दिसते.

जुनी खिडकीही काढू नकोस. ती तशीच ठेव आणि आतून दुसरी बसव, दोन्ही काचांत १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर, मधल्या चौकटीच्या कडांना शोषणारी पट्टी. रस्त्याच्या आवाजासाठी हे बाजारातल्या पातळ डबल ग्लासपेक्षा खूपच चांगलं चालतं, कारण मधली हवा जेवढी जाड तेवढी ती खालच्या पट्टीतला आवाज जास्त तोडते. लक्ष्य काय ठेवायचं विचारशील, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि एकेक आवाज ४५ च्या वर नको असं सांगितलंय. प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावरच ते दोन आकडे टाक आणि पुढचा प्रत्येक डिटेल त्यांच्याशी ताडून दाखव.

प्रश्न : मी साइट इंजिनीअर. नव्या विंगमध्ये स्लॅबवर रबरचा थर टाकून वरून स्क्रीड (सिमेंटचा सपाटीचा थर) आणि टाइल केल्या, तरंगता मजला. टेस्टमध्ये फारच कमी फायदा दिसला. मटेरियल खोटं आलं का?

उत्तर : मटेरियल तपासा, पण मी आधी कडा बघेन.

एका साइटवर (नाव नको) माझ्याच देखरेखीत असं झालं होतं. थर उत्तम, स्क्रीड उत्तम, आणि खालच्या खोलीत खुर्ची सरकवल्याचा आवाज खणखणीत. दोन दिवस आकडेमोडीत गेले. तिसऱ्या दिवशी एका मजुराने मला खाली बसून दाखवलं : भिंतीच्या कडेने जी लवचीक पट्टी स्क्रीडच्या वर थोडी उभी ठेवायची असते ती टाइलवाल्यांनी फरशी घालायच्या आधीच ब्लेडने सपाट कापली होती, दिसायला वाईट दिसते म्हणून. मग ग्राउट (फरशीच्या फटींत भरायचा मसाला) थेट फरशी आणि भिंतीच्या मध्ये भरलं, वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, टेकवून चिकटवलं. सगळा मजला तरंगत होता आणि चारही बाजूंनी भिंतीला घट्ट बांधलेला होता. भिंतीवर तळहात ठेवला आणि दुसऱ्याने फरशीवर नाण्याने टकटक केली तर हाताला कळत होतं. ते मी आधीच करायला हवं होतं, टाइलवाल्यांना पट्टी कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

तर तुम्ही एका खोलीचं स्कर्टिंग काढा. कडेचं ग्राउट ग्राइंडरने नव्हे, हाताने पातळ ब्लेडने मोकळं करा, अगदी खाली लवचीक थरापर्यंत. दाराच्या उंबऱ्यापाशी विशेष बघा, तिथे खोलीचा स्क्रीड आणि पॅसेजचा स्क्रीड बहुतेक वेळा एक झालेला असतो. बाथरूमच्या बाजूला पाइप स्क्रीडमधून वर येतो तिथेही. मग त्या फटीत सीलंट भरा, स्कर्टिंग परत लावताना खाली ३ ते ५ मिलिमीटर मोकळं ठेवा, आणि त्याच खोलीची टेस्ट परत घ्या. फरक पडला तर बाकीच्या खोल्या. नाही पडला तर थराच्या जोडांतून स्क्रीडचं पाणी-सिमेंट खाली उतरून स्लॅबला चिकटलंय का ते एक फरशी उचलून बघावं लागेल, थरावर प्लास्टिक शीट टाकून जोड टेपने बंद केले नसतील तर तसं होतं.

प्रश्न : मुलगी श्रवणयंत्र वापरते. तिला जुन्या आणि नव्या दोन्ही विंगमधली खोली निवडता येईल. जुनी खोली मोठी, उजेडाची, तिला आवडलीय. मी कोणती घ्यायला सांगू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तिला हवा असलेला आवाज आणि नको असलेला घुमणारा आवाज दोन्ही मोठे करतं. आपल्याला जी खोली किंचित घुमल्यासारखी वाटते तिच्यात तिला शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या ऐकू येतात, आणि दिवसभर असं ऐकून ऐकून थकवा येतो, डोकं दुखतं. त्यामुळे नुसत्या मोकळ्या खोलीच्या हिशोबाने बघितलं तर लहान, कमी उंचीची नवी खोली बरी. वर्गखोल्यांसाठी ०.६ सेकंद घुमणं चांगलं मानतात, तिच्या खोलीतही त्याच्या आसपास यावं असं बघा.

पण तिला जुनी आवडलीय, आणि आवडलेल्या खोलीत राहणं हीसुद्धा गोष्ट आहेच ना. जुन्या खोलीच्या भिंती जाड, शेजारचा आवाज येणार नाही, हा तिच्यासाठी मोठा फायदा, कारण मागचा गोंगाट जितका कमी तितके शब्द स्पष्ट. घुमणं कमी करता येतं : जाड, चुण्या पडलेला, जमिनीपर्यंतचा पडदा, सतरंजी, कापडी हेडबोर्ड, भरलेलं शेल्फ, आणि व्यवस्थापनाने परवानगी दिली तर छताला काही पॅनल. शेजारची भिंत जाड करणं मात्र तुमच्या हातात नसतं. त्यामुळे वरच्या मजल्यावरची पावलं त्रास देत नसतील, म्हणजे वर खोली नसेल किंवा वर स्टोअर असेल, तर मी जुनीच म्हणेन.

खोलीत बसायची जागा अशी करा की समोर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल, त्याच्या मागे खिडकी नको, ओठ दिसायला हवेत. टेबल भिंतीकडे तोंड करून न ठेवता दार दिसेल असं ठेवा, कुणी आलं तर तिला कळेल, दचकणार नाही. दारावरच्या बेलला दिवा जोडून घ्या.

आणि जे मी व्यवस्थापनाकडून लेखी घेईन ते हे : रात्री ती यंत्र काढून झोपणार, त्यामुळे आगीचा अलार्म तिच्या खोलीत चमकणाऱ्या दिव्याचा आणि उशीखाली थरथरणाऱ्या पॅडचा हवा, दोन्ही, आणि बाथरूममध्येही दिवा. तो मुख्य अलार्मला जोडलेला असायला हवा, सुटा नको. ती राहायला जायच्या आधी एकदा वाजवून दाखवायला सांगा.

खोली बघायला तिला घेऊनच जा, संध्याकाळी, मुलं परत आलेली असताना. दार लावून घ्या, यंत्र तिच्या कानात, तुम्ही खिडकीपाशी उभ्या राहून तिच्याकडे पाठ करून दहा मिनिटं बोला, मग नव्या खोलीत जाऊन तेच करा. नंतर तिला विचारा कुठे कमी दमलीस.